बुद्धिबळाचे इंजिन कोणत्या भाषेत लिहावे?

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमी इथे नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे ग्रँडमास्टरही नागपूरचेच. आपल्या गोंदियाहून नागपूर रेल्वेने दोन-अडीच तासांवर. या पिढीतला कोणताही खेळाडू डाव संपला की आधी मोबाइल काढतो आणि इंजिनला विचारतो, माझे चुकले कुठे?

यातल्याच काहींना पुढे वाटू लागते की असे इंजिन आपणही लिहून पाहावे. गोंदियात धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय आहे, मनोहरभाई पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. प्रोग्रामिंग शिकणारी मुले कमी नाहीत. लिहायला बसले की पहिली शंका भाषेची येते. पायथन येते, पण ती मंद म्हणतात. सी प्लस प्लस वेगवान, पण अवघड म्हणतात. आणि हल्ली जो तो रस्टचे नाव घेतो. मग करायचे काय?

माझे मत आधीच सांगतो. भाषेचा वेग खरा आहे आणि तो मोजता येतो, पण इंजिनाच्या ताकदीत त्याचा क्रमांक तिसरा. पहिला क्रमांक अचूकतेचा, दुसरा शोधाच्या रीतीचा. हा क्रम उलटा धरला की महिनाभर कंपायलरशी झगडून हाती येते ते नियमबाह्य चाली झपाट्याने खेळणारे इंजिन.

इंजिन नेमके काय करते

तीन कामे. पटावरच्या स्थितीत कोणत्या चाली शक्य आहेत ते काढणे. त्या चाली खेळून, त्यांची उत्तरे खेळून, पुढची उत्तरे खेळून पाहणे. आणि थांबलेल्या ठिकाणी कोणाचे पारडे जड आहे याचा आकडा देणे. पहिले म्हणजे चालनिर्मिती, दुसरे शोध, तिसरे मूल्यमापन.

मधल्या डावात एका स्थितीत सरासरी ३५ चाली निघतात. पांढऱ्याच्या तीन आणि काळ्याच्या तीन, अशा सहा अर्ध्या चाली पुढे पाहायच्या तर ३५ चा सहावा घात, म्हणजे १,८३,८२,६५,६२५ शेवट तपासावे लागतात. १८३ कोटी. भाषेच्या वेगाचा प्रश्न या आकड्यामुळेच उभा राहतो. पगारपत्रकाच्या प्रोग्रामला अर्धा सेकंद जास्त लागला तर कोणाला कळत नाही. इथे मात्र एकच लहानसे काम कोट्यवधी वेळा होते आणि त्यात वाया गेलेला प्रत्येक क्षण तितक्याच पटीने वाढतो.

पायथन कुठे अडते

सी प्लस प्लस किंवा रस्टमध्ये दोन पूर्णांकांची बेरीज लिहिली की कंपायलर तिची प्रोसेसरला कळणारी एक सूचना बनवतो. प्रोग्राम चालताना तेवढी सूचनाच चालते. पायथनमध्ये तीच बेरीज करताना आधी पाहावे लागते की डावीकडची वस्तू कोणत्या प्रकारची, उजवीकडची कोणत्या प्रकारची, यांची बेरीज करायचे फंक्शन कोणते. मग उत्तरासाठी मेमरीत नवी वस्तू तयार होते आणि जुनी वस्तू अजून कोणी वापरते आहे का याची नोंद बदलते. बेरीज एक, सोपस्कार दहा. शुद्ध पायथनमध्ये लिहिलेले इंजिन सी प्लस प्लसच्या तुलनेत ढोबळमानाने ५० ते १०० पट मंद पडते ते यामुळे.

जावा आणि सी शार्प मधल्या जागी बसतात. त्यांचा प्रोग्राम चालू असतानाच वारंवार लागणारा भाग यंत्रभाषेत बदलला जातो. पहिले काही क्षण रेंगाळतात, नंतर वेग घेतात, आणि नीट लिहिलेला जावा प्रोग्राम सी प्लस प्लसच्या निम्म्या किंवा त्याहून बऱ्या वेगाने धावतो. त्यांची खरी अडचण वेगळी आहे. प्रत्येक चालीसाठी नवी वस्तू तयार केली की सेकंदाला लाखो वस्तूंचा कचरा साठतो आणि तो उचलायला प्रोग्राम मध्येच थबकतो. घड्याळात पाच सेकंद उरले असताना हे परवडत नाही. जाणकार यावर सोपा उपाय करतात. चालीसाठी वस्तू बनवायचीच नाही. निघायचे घर सहा बिटांत, पोचायचे घर सहा बिटांत आणि प्यादे बदलले किंवा कॅसलिंग झाले वगैरे विशेष माहिती चार बिटांत. सोळा बिटांच्या एका आकड्यात अख्खी चाल मावते. हे आकडे ठेवायला लागणारी यादी सुरुवातीलाच एकदा बनवून ठेवायची आणि तीच पुन्हा पुन्हा वापरायची. कचरा होतच नाही.

ही सवय कोणत्याही भाषेत कामी येते. सी प्लस प्लसमध्येही प्रत्येक स्थितीगणिक मेमरी मागणारा विद्यार्थी आपल्या हाताने वेग घालवतो.

चौसष्ट घरे, चौसष्ट बिट

बुद्धिबळ आणि संगणक यांचे एक जुळून आलेले नाते आहे. पटाची घरे ६४ आणि आजच्या प्रोसेसरचा एक शब्दही ६४ बिटांचा. त्यामुळे पांढरी प्यादी कुठे आहेत हे एका आकड्यात सांगता येते. ज्या घरात प्यादे आहे त्याचा बिट १, बाकीचे ०. याला बिटबोर्ड म्हणतात. बारा प्रकारच्या मोहऱ्यांसाठी बारा आकडे ठेवले की पट तयार.

एक घोडा जवळून पाहू. ए१ घराला ० क्रमांक, बी१ ला १, असे मोजत गेले तर जी१ वरचा घोडा ६ व्या बिटावर येतो. त्याच्या तीन उड्या: ६ अधिक ६ म्हणजे १२, हे ई२; ६ अधिक १५ म्हणजे २१, हे एफ३; ६ अधिक १७ म्हणजे २३, हे एच३. सुरुवातीच्या स्थितीत ई२ वर आपलेच प्यादे असते, म्हणून आपल्या मोहऱ्यांचे बिट वजा केले की एफ३ आणि एच३ उरतात. पूर्ण काम दोन-तीन सूचनांत उरकते. पण घोड्याची आणखी एक उडी अधिक १० ची असते. ती आंधळेपणाने मिळवली तर ६ अधिक १० म्हणजे १६, आणि १६ म्हणजे ए३. घोडा पटाच्या उजव्या कडेवरून बाहेर पडून डावीकडे उतरला! बिटबोर्डवर पहिल्यांदा काम करणाऱ्या बहुतेकांच्या हातून ही चूक होते. म्हणून कडेच्या उभ्या पट्ट्यांसाठी वेगळी गाळणी ठेवावी लागते.

भाषाभाषांतला फरक इथे उघडा पडतो. सी, सी प्लस प्लस, रस्ट आणि गो यांत चिन्हाशिवायचा ६४ बिटांचा पूर्णांक असतोच. एका आकड्यात किती बिट १ आहेत किंवा पहिला १ कुठे आहे, हे प्रोसेसरच्या एका सूचनेत विचारता येते. जावामध्ये चिन्हाशिवायचा असा पूर्णांक नाही. एच८ चा बिट तिथे धन-ऋण चिन्हाचा बिट ठरतो, आणि उजवीकडे सरकवताना तीन बाणांचे चिन्ह न वापरता दोन बाणांचे वापरले की त्या कोपऱ्यातला हत्ती भलभलत्या घरांत दिसू लागतो. जावास्क्रिप्टमधला साधा आकडा ५३ बिटांपर्यंतच अचूक, आणि बिटांची कामे ३२ बिटांवर. तिथे पट दोन तुकड्यांत तरी ठेवावा लागतो किंवा बिटबोर्ड सोडून साधी घरांची यादी तरी वापरावी लागते. पायथनचा पूर्णांक कितीही मोठा होऊ शकतो, पण ६४ बिटांचा भरलेला आकडा ठेवायला त्याला नेहमीच्या संगणकावर ३६ बाइट लागतात. सी प्लस प्लसला लागतात ८.

म्हणून पायथनमध्ये बिटबोर्डचा हट्ट धरण्यात फारसा अर्थ नाही, असे मला वाटते. थॉमस आले यांचे सनफिश हे पायथन इंजिन पट साध्या अक्षरांच्या ओळीत ठेवते. त्याचा गाभा शे-सव्वाशे ओळींचा आहे. एका बसणीत वाचून होतो, आणि सामान्य क्लब खेळाडूला घाम फोडण्याइतका चांगला खेळतो. नवख्याने वाचावे असे यापेक्षा चांगले इंजिन मला माहीत नाही.

आधी बरोबर, मग वेगवान

चालनिर्मिती बरोबर आहे की नाही हे तपासायची एक पक्की रीत आहे. तिला पर्फ्ट म्हणतात. सुरुवातीच्या स्थितीपासून ठरावीक खोलीपर्यंत सगळ्या चाली खेळायच्या आणि शेवटी किती स्थिती आल्या ते मोजायचे. मूल्यमापन नाही, छाटणी नाही, फक्त मोजणी. खरी उत्तरे जगाला माहीत आहेत. पहिल्या खोलीला २०, दुसरीला ४००, तिसरीला ८,९०२, चौथीला १,९७,२८१, पाचवीला ४८,६५,६०९, सहावीला ११,९०,६०,३२४. तुमचा आकडा एकाने जरी चुकला तर चालनिर्मितीत दोष आहे.

भाषेचा वेगही इथेच अनुभवाला येतो. सहाव्या खोलीची ही मोजणी चांगल्या सी प्लस प्लस कोडला साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांचे काम. शुद्ध पायथनमध्ये तीच चालू करून जेवायला जावे.

इथे एक सापळा आहे. पाचव्या खोलीपर्यंत आकडे जुळले की विद्यार्थी निर्धास्त होतात. पण सुरुवातीच्या स्थितीतून कॅसलिंग करायचे तर मधली मोहरी हलवून पांढऱ्याला चौथी चाल गाठावी लागते, म्हणजे सातवी अर्धी चाल. प्यादे शेवटच्या ओळीवर पोचायला पाच चाली, म्हणजे नववी अर्धी चाल. आँ पासाँचा मार जेमतेम पाचव्या खोलीला पहिल्यांदा दिसतो. तेव्हा पाचव्या खोलीचा आकडा जुळला याचा अर्थ कॅसलिंग आणि प्याद्याची बढती तपासली गेली असा होत नाही. त्यांना हातही लागलेला नसतो. यासाठी किविपीट नावाची एक गुंतागुंतीची चाचणी-स्थिती वापरतात. तिथे पहिल्या खोलीला ४८, दुसरीला २,०३९, तिसरीला ९७,८६२ आणि चौथीला ४०,८५,६०३ यायला हवेत. कॅसलिंग त्यात पहिल्या चालीपासून शक्य असते.

यासाठी लागणारा वेळ कोणत्याही भाषेत द्यावाच लागतो, आणि चूक शोधणे पायथनमध्ये सोपे जाते. म्हणून ज्याला पायथन येते त्याने पहिले इंजिन पायथनमध्येच लिहावे. पुढे दुसऱ्या भाषेत जायचे ठरले तर तपासलेला नमुना हाताशी राहतो आणि दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून पाहता येतात.

भाषा पन्नास पट, युक्ती वीस हजार पट

आता दुसऱ्या क्रमांकाकडे, म्हणजे शोधाच्या रीतीकडे येऊ. अल्फा-बीटा नावाची छाटणी अशी: एखाद्या चालीला प्रतिस्पर्ध्याचे एक सणसणीत उत्तर सापडले की त्या चालीची बाकीची उत्तरे तपासायचीच नाहीत, कारण ती चाल आपण खेळणारच नाही. उत्तर तेच मिळते, काम कमी होते. किती कमी? डॉनल्ड क्नुथ आणि रोनाल्ड मूर यांनी १९७५ मध्ये याचे गणित मांडले. चालींचा क्रम उत्तम लावलेला असेल तर सहा अर्ध्या चालींसाठी १८३ कोटींऐवजी ८५,७४९ शेवट पुरतात. एकवीस हजार पटींहून जास्त बचत, आणि तीही भाषा न बदलता.

पायथनऐवजी सी प्लस प्लस घेतली तर ५० पट मिळाले. छाटणी चांगली असताना एक अर्धी चाल आणखी खोल जायला साधारण सहा पट काम लागते. म्हणजे ५० पट वेगाचे भांडवल दोन अर्ध्या चालींत संपते. उलट छाटणीविना सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले इंजिन छाटणी असलेल्या पायथन इंजिनासमोर टिकणार नाही. आपल्याकडच्या राइस मिलवाल्यांना हे वेगळे सांगायला नको: धान खड्यांसकट ओतले तर मिल किती मोठी आहे याला अर्थ नाही.

मात्र ‘चालींचा क्रम उत्तम असेल तर’ ही अट सोपी नाही. सगळी कारागिरी तिथेच आहे. मोठे मोहरे छोट्याने मारायची चाल आधी पाहायची. आधीच्या कमी खोलीच्या शोधात जी चाल सर्वोत्तम ठरली ती सर्वांत आधी. आधी आलेली स्थिती दुसऱ्या वाटेने पुन्हा आली तर तिचे उत्तर साठवलेल्या तक्त्यातून काढायचे. तक्त्यासाठी स्थितीला ओळख-क्रमांक द्यायची रीत आल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० मध्ये सांगितली आणि ती आजही तशीच वापरतात. शेवटच्या खोलीला मारामारी चालू असताना मध्येच हिशेब थांबवायचा नाही, हाही एक नियम. नाहीतर वजिराने प्यादे मारले एवढे पाहून इंजिन खूश होते आणि पुढच्याच चालीला वजीर जातो.

भाषेचे महत्त्व परत येते ते यानंतर. दोघांच्या युक्त्या सारख्याच झाल्या की जो वेगवान तो जिंकतो. वेग दुप्पट झाला की ५० ते ७० एलो गुण वाढतात असा इंजिनवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. जास्त वेळेच्या डावात वाढ याहून कमी असते. स्पर्धेच्या शिखरावर ५० गुण म्हणजे फार मोठे अंतर.

जुन्या लोकांनी काय निवडले

प्रश्न नवा नाही. जर्मनीच्या कोनराड झूसे यांनी १९४५ च्या सुमारास प्लांकालक्यूल ही भाषा आखली. तिला पहिली उच्चस्तरीय संगणकी भाषा मानतात, आणि तिची कसोटी म्हणून त्यांनी त्यात बुद्धिबळाचे नियम लिहून पाहिले.

१९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत दोन प्रोग्राम जवळपास एकाच वेळी झाले. अॅलेक्स बर्नस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रोग्राम आयबीएम ७०४ वर चाले आणि एका चालीला आठ मिनिटे घेई. नेवेल, शॉ आणि सायमन यांचा प्रोग्राम आयपीएल या त्यांनीच बनवलेल्या यादी-भाषेत होता. ती भाषा दुभाष्यामार्फत चालायची आणि चालीला तासभर किंवा त्याहूनही जास्त वेळ जायचा. त्यांना ते ठाऊक होते. माणूस विचार कसा करतो हे प्रोग्राममध्ये मांडता यावे म्हणून त्यांनी मंदपणा पत्करला. आयपीएलमधली यादीची कल्पना पुढे लिस्प भाषेत उतरली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनाचा पाया झाली. मला हे उदाहरण मोलाचे वाटते. भाषा निवडताना ‘कशासाठी’ हे आधी ठरले होते.

पुढची तीस-पस्तीस वर्षे असेंब्लीची. १९६० च्या दशकात एमआयटीत रिचर्ड ग्रीनब्लाट यांनी लिहिलेले मॅकहॅक असेंब्लीत, १९७८ चे सार्गन झेड-८० असेंब्लीत, आणि १९९४ मध्ये लंडनच्या स्पर्धेत जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणारे रिचर्ड लँग यांचे चेस जीनियसही असेंब्लीतच. क्रे ब्लिट्झ हे १९८३ आणि १९८६ चे संगणक-बुद्धिबळातले जगज्जेते फोरट्रानमध्ये होते, नाजूक भाग तेवढे असेंब्लीत. त्याचेच कर्ते रॉबर्ट हायट यांनी पुढे क्राफ्टी लिहिले ते सी मध्ये, कारण तोवर कंपायलर चांगले झाले होते आणि प्रत्येक नव्या प्रोसेसरसाठी सगळे नव्याने लिहिणे परवडेनासे झाले होते. १९९७ मध्ये कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीचने हरवणाऱ्या डीप ब्लूचे सॉफ्टवेअरही सी मध्ये होते, पण खरा वेग ४८० खास बुद्धिबळ-चिपांचा. सेकंदाला २० कोटी स्थिती.

आज कोणती भाषा कुठे

स्टॉकफिश हे आघाडीचे इंजिन सी प्लस प्लसमध्ये आहे. तोर्ड रोमस्टाड यांच्या ग्लाउरुंग इंजिनावरून मार्को कोस्टाल्बा यांनी ते २००८ मध्ये सुरू केले. सी प्लस प्लसची सत्ता अजून अबाधित असली तरी रस्टमधली व्हिरिडिथास आणि रेकलेस ही इंजिने आता आघाडीच्या रांगेत आहेत. रस्टमध्ये मेमरीच्या चुका कंपायलरच पकडतो, हे नवख्याला वरदान. पण अनेक थ्रेड एकच तक्ता कुलूप न लावता वाचत-लिहीत असतात, तिथे रस्ट नाक मुरडते आणि जास्त काळजीने लिहायला लावते. जावा आणि सी शार्पमध्येही माणसाला सहज हरवणारी इंजिने आहेत. २०२३ मध्ये सेबास्टियन लेग यांनी सी शार्पमध्ये अगदी लहान बुद्धिबळ-बॉट लिहिण्याची स्पर्धा घेतली होती. कोड १,०२४ टोकनांत बसवायचा होता.

पायथन या जगातून बाहेर गेलेली नाही; ती इंजिनाच्या आसपास सगळीकडे आहे. स्टॉकफिशमधल्या प्रत्येक बदलाची परीक्षा घेणारी फिशटेस्ट ही व्यवस्था २०१३ पासून चालते. जगभरचे स्वयंसेवक आपले संगणक तिला देतात, नवे कोड जुन्या कोडशी हजारो डाव खेळते, आणि फायदा संख्याशास्त्राने सिद्ध झाला तरच बदल स्वीकारतात. तिचा सर्व्हर पायथनमध्ये आहे. निक्लास फीकास यांची पायथन-चेस ही लायब्ररी डाव वाचायला आणि इंजिनशी बोलायला जगभर वापरतात. लीचेस या मोफत संकेतस्थळाचा सर्व्हर स्कालामध्ये आहे, आणि ब्राउझरमध्ये चालणारे स्टॉकफिश म्हणजे तेच सी प्लस प्लस कोड वेबअसेंब्लीत रूपांतरित केलेले.

न्यूरल नेटवर्क आल्यावर

डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझीरो या न्यूरल नेटवर्कवाल्या इंजिनाने हिशेबच बदलला. ते सेकंदाला ८० हजार स्थिती पाहत होते, समोरचे स्टॉकफिश ७ कोटी. तरी शंभर डावांत अल्फाझीरोने २८ जिंकले, ७२ बरोबरीत सुटले, एकही हरला नाही. त्या सामन्यातल्या वेळेच्या आणि यंत्राच्या अटींवर तेव्हा बरीच टीका झाली आणि ती रास्त होती, पण कमी पाहून चांगले पारखणारे इंजिन शक्य आहे हे दिसले.

त्यानंतरची मोठी कल्पना जपानमधून आली. यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगी या जपानी खेळासाठी एनएनयूई नावाची लहान नेटवर्कची पद्धत काढली. एका चालीत पटावरची दोन ते चार घरेच बदलतात, म्हणून नेटवर्कचा पहिला थर पुन्हा पूर्ण मोजायचा नाही. गेलेल्या मोहऱ्याचे आकडे वजा करायचे, आलेल्याचे मिळवायचे. २०२० मध्ये स्टॉकफिश १२ सोबत ही पद्धत बुद्धिबळात रुजली.

इथे भाषेचे काम दोन वाटांनी चालते. नेटवर्कला शिकवायचे ते पायथनमध्ये, पायटॉर्च लायब्ररीने; सावकाश, कितीही तास. शिकलेले आकडे वापरायचे ते सी प्लस प्लसमध्ये, कारण तिथे प्रोसेसरची रुंद सूचना हाताशी असते. २५६ बिटांच्या एका रजिस्टरमध्ये आठ बिटांचे ३२ आकडे एका झटक्यात हाताळता येतात. रस्ट आणि सी शार्पमध्येही हे जमते. पायथनमधून प्रत्येक स्थितीसाठी लायब्ररीला हाक मारली तर हाक मारण्यातच वेळ जातो.

मे महिन्यात वेग मोजताना

वेग मोजायला बसाल तेव्हा एक गोष्ट आपल्या हवामानासाठी मुद्दाम सांगतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात लॅपटॉप लवकर तापतो आणि ठरावीक तापमानापुढे प्रोसेसर स्वतःच आपली गती उतरवतो. सकाळी मोजलेली पायथन आणि भर दुपारी मोजलेली सी प्लस प्लस यांची तुलना निरुपयोगी. चार्जर लावून, इतर प्रोग्राम बंद करून, दोन्ही भाषांचे कोड आलटून पालटून अनेकदा चालवावे आणि मधला आकडा घ्यावा. सी प्लस प्लस किंवा रस्ट असेल तर कंपायलरला वेग वाढवायची सूचना दिली आहे ना, तेही पाहावे. ती न देता ‘रस्ट काही एवढे वेगवान नाही’ म्हणणारे पुष्कळ असतात.

आणि सेकंदाला किती स्थिती हा आकडा दोन वेगवेगळ्या इंजिनांत ताडून पाहू नये. स्थिती मोजायची रीत प्रत्येकाची वेगळी असते. खरी तुलना एकमेकांशी डाव खेळवूनच होते, आणि तेही शेकड्यांनी.

देशी डावासाठी मोकळे रान

स्टॉकफिशला हरवणारे इंजिन गोंदियातल्या विद्यार्थ्याने एकट्याने लिहावे, ही अपेक्षा मी धरत नाही. पण एक क्षेत्र असे आहे जिथे भाषेच्या वेगाची शर्यतच नाही, आणि ते आपल्या घरातले आहे. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या जे बुद्धिबळ खेळले गेले त्याचे नियम आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांहून वेगळे होते. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचे. कॅसलिंग नव्हते; त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची उडी मारता यायची. शेवटच्या ओळीवर पोचलेले प्यादे हवे ते मोहरे होत नसे. ज्या घरात पोचले त्या घरचे मोहरे व्हायचे. राजा एकटा उरला की बुर्जी. यात गावागणिक फरक होते.

या नियमांचा पर्फ्ट काढून पाहा. प्यादी एकेकच घर, म्हणजे आठ चाली, घोड्यांच्या चार, आणि पहिल्या चालीपासून राजाची उडी मान्य धरली तर तिच्या दोन. पहिल्या खोलीला १४, दुसरीला १९६. पुढचे आकडे ज्याने त्याने आपल्या गावच्या नियमांप्रमाणे काढायचे. अशा इंजिनाला पायथन भरपूर पुरते. समोर माणूस आहे, आणि अल्फा-बीटा नीट लावली तर चार-पाच अर्ध्या चालींची खोली त्याला पुरेशी जड जाते.

प्राध्यापकांना विनंती आहे की अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत ग्रंथालय-नोंदणीच्या जोडीला हा विषयही ठेवावा. आणि विद्यार्थ्यांना विनंती आहे की कोड लिहायला बसण्याआधी आमगाव, देवरी, तिरोडा, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, जिथे आजी-आजोबा असतील तिथे जाऊन त्यांना विचारावे: तुमच्याकडे राजाची उडी केव्हा चालायची, बुर्जीला डाव जिंकला म्हणायचे की बरोबरी, पोचलेल्या घरचे मोहरे मेलेले नसेल तर प्यादे अडून राहायचे का? उत्तरे गावाच्या आणि वर्षाच्या नोंदीसह लिहून ठेवा. कोड नंतर कधीही, कोणत्याही भाषेत लिहिता येईल. हे नियम सांगणारी माणसे आता फार उरलेली नाहीत.